मेन खाली

(चिंचवडच्या एका कारखान्यातली कॉम्प्युटरची गार खोली. साल एक्क्याऐंशी, दिवाळी तोंडावर आलेली. निघोज्याचा खंडू, मेंटेनन्सचा जुना फिटर, पोराचं तेरावं उरकून आज पहिल्यांदाच कामावर आलाय. देवळात शिरावं तसे दाराबाहेर बूट काढून तो आत आलाय, पण बसायला तयार नाही. समोर टेबलावर छापील कागदांची चळत, आणि चळतीवर दोन्ही हात ठेवून बसलेली प्रभावती. ओतशाळेतला गाडा चालवणारा प्रोग्राम तिनंच लिहिलेला आहे. त्याच गाड्याखाली खंडूचा जयसिंग गेला.)

खंडू : म्हंजी मशिनीच्या डोक्यात त्या घडीला जे व्हतं, ते समदं ह्या कागदावर उतरलंय?

प्रभावती : मामा, आधी बसा बघू. असे उभे नका राहू.

खंडू : बसायला न्हाई आलो. तुझ्या फरशीनं पाय गारठल्यात, ते सोड. तू सांग. उतरलंय ना?

प्रभावती : उतरतं. म्हणजे पद्धत तशी आहे. चालता चालता प्रोग्राम कोसळला, तर मशीन लगेच सगळं विसरत नाही. आत प्रोग्रामवर नजर ठेवणारा एक कारभारी असतो. तोही प्रोग्रामच, पण वरचा. तो म्हणतो, थांबा, आता कुणी काही हलवायचं नाही. आणि स्मरणात जे जसं पडलंय ते पहिल्या घरापासून ओळीनं उचलून डिस्कवर लिहून ठेवतो. धड असो, अर्धवट असो. मग आम्ही ते छापून काढतो आणि वाचत बसतो, की कशानं कोसळलं. डंप म्हणतो आम्ही त्याला.

खंडू : डंप. डंपर मुरूम वततो तसं?

प्रभावती : अगदी तसं. निवडत बसत नाही, सगळं ओतून टाकतं.

खंडू : बरं हाय की मग मशिनीचं. माणसाचं आसं कुठं आस्तंय? माझा जयसिंग पडला तवा त्याच्या डोक्यात काय व्हतं, कुनाला हाक मारायची व्हती, ते कुनी उचलून ठिवलं न्हाई. व्हट हलले नुसते. आवाजच फुटला न्हाई.

प्रभावती : मामा...

खंडू : ये, रडायचं न्हाई. भीमराजची पोर तू. तुझा बाप भट्टीवर न् मी त्याच्या भट्टीचा फिटर. हात भाजला तवा त्यानं आख्ख्या शेडाला शिव्या घातल्या, पर डोळ्याला पानी न्हाई आनलं. मला फकस्त एवढंच वाचून दाव. गाडा कुनाच्या हुकमानं हलला?

प्रभावती : दुपारच्या चौकशीसाठी विचारताय?

खंडू : चौकशी गेली खड्ड्यात! तिथं काय व्हनार ते मला आत्ताच ठावं हाय. देवस्थळी सायेब आसा चष्मा पुसंल न् म्हनंल, खंडोजी, मुलगा गुणी होता हो, पण थांबायचं बटण न दाबता चालू गाड्यापुढं वाकला, त्याला कंपनी काय करणार? समदे माना हलवतील. मग च्या येईल.

प्रभावती : मग कशासाठी?

खंडू : माझ्यासाठी म्हन.

प्रभावती : म्हणजे?

खंडू : दसऱ्याच्या आदी एकदा जेवताना मला म्हनला, आबा, त्यो गाडा कवाकवा मनानं हलतोय. बटन दाबून थांबवला तरी हलतोय. मी म्हनलं, लोखंडाला मन नसतं गड्या, तूच कुठंतरी चुकत आसशील. तसा हात धुतला न् उठला. तानू माझ्यावर उखडली, म्हनली, पोराला जेवू तरी द्यायचं. मी म्हनलं, चुकतोय तर बोलायचं न्हाई व्हय?

प्रभावती : तुम्हाला काय माहीत होतं मामा?

खंडू : आता सायेब जे बोलनार हाय ना, ते माझंच बोलनं हाय. सायबाच्या आदी मीच बोललोय. म्हनून मला ठावं पायजे, पोरगा बरोबर व्हता का मी. बाकी मला कुनाकडनं काय नको. घास खाली उतरत न्हाई गं. भाकरीचा तुकडा मोडला की त्याचं ते उठणं दिसतंय.

प्रभावती : प्रोग्राम माझा आहे, मामा. जयसिंग बरोबर निघाला, तर चूक माझी निघेल.

खंडू : ठावं हाय मला.

प्रभावती : तरी ती निघावी असंच वाटतंय. घरातून निघते, तेव्हापासून हेच डोक्यात. निदान कळेल तरी.

खंडू : मग वाच की पोरी. येवढी चळत हाय.

प्रभावती : हे बघा. डावीकडचा आकडा म्हणजे घराचा नंबर. पुढं त्या घरात काय होतं ते. ही पहिली पानं त्या कारभाऱ्याची स्वतःची. ही भट्टीच्या तापाची. इथं साचे किती गेले, कुठले परत आले...

खंडू : आकड्यांत मदीच ए बी शी डी कशाला घुसलीया?

प्रभावती : मशीनचं मोजणं आपल्यासारखं नसतं. मी वाचते ना.

खंडू : गाडा कुठाय ह्याच्यात?

प्रभावती : गाड्याचे हुकूम अगदी शेवटच्या घरांत. थांबायचं बटण दाबलं होतं का. आधी प्रोग्राम कोसळला की आधी गाडा हलला. हुकूम माणसाच्या बटणातून आला की प्रोग्रामनंच स्वतःहून दिला. सगळं तिथं असतं, एकाखाली एक.

खंडू : मग शेवटचं पान काढ. उगा भट्टीचा ताप कशाला वाचतीस?

प्रभावती : काढते.

खंडू : काढ की. हात का थांबला?

प्रभावती : शेवटचं पान नाहीये मामा.

खंडू : छापायचं ऱ्हायलंय? मी थांबतो. घाई न्हाई मला.

प्रभावती : लिहायचंच राहिलंय. कारभारी निम्म्याच्या पुढं आला होता, तेवढ्यात वीज गेली. वीज गेली की स्मरण पुसतं. पाटीवरून ओला बोळा फिरवावा तसं. डिस्कवर उतरलं होतं तेवढंच राहिलं.

खंडू : वीज कशी जाईल? आपली वीज गुरुवारी जाती, सुट्टीच्या दिशी. त्या दिशी काय गुरुवार न्हवता. शेडात पंखा चालू व्हता, मला ठावं हाय, त्याच्या वाऱ्यानं... जाऊ दे. कोन म्हनलं वीज गेली?

प्रभावती : मशीनपर्यंत आली नाही, एवढं मला कळतं.

जहीर : मॅडम, साहेब विचारतायत, कागद घेऊन येताय का... अरे! वस्ताद? तुम्ही इथं आहात होय? मी तुम्हाला सगळ्या शेडात शोधतोय.

खंडू : ये जहीर, ये. बरा आलास. आरं, तू ह्या कंपनीचा वायरमन. तुझ्या हातात पयला टेस्टर मी दिलाय. ह्या पोरीला सांग, त्या दिशी वीज गेली व्हती का?

जहीर : छोडा ना वस्ताद. चला कॅन्टीनला. सकाळपासून पोटात काही नसेल तुमच्या.

खंडू : इषय बदलू नगं. वीज गेली व्हती का?

जहीर : गेली नव्हती. मेन स्विच खाली केला होता.

खंडू : कुनी?

जहीर : मी.

प्रभावती : जहीर!

जहीर : तुम्ही मध्ये पडू नका मॅडम. मीच केला वस्ताद. घाई झाली, भान नव्हतं राहिलं.

खंडू : हिची लाईन बी त्याच मेनवर हाय?

जहीर : त्याच. कॉम्प्युटरची लाईन वेगळी टाका म्हणून मी घसा कोरडा केला. पुढच्या बजेटला बघू म्हणाले.

खंडू : म्हंजी तू... आरं, माझ्या पोराच्या बाजूनं बोलनारं एकच व्हतं रं त्या शेडात! माणसं काय बोलनार, पोटाला भ्यालेली. मशीन बोलत व्हती. तिचं तोंड तू दाबलंस?

जहीर : हां वस्ताद.

खंडू : हां म्हनतोस? तोंड वर करून हां म्हनतोस? तानूच्या हातच्या भाकरी खाल्ल्यास तू. माझ्या जयसिंगाच्या खांद्यावर हात टाकून आख्खं चिंचवड पालथं घातलंस. आन् त्याच्यासाठी येवढं थांबवेना तुला?

जहीर : मारा. दोन ठेवून द्या, मी हलणार नाही. साहेबांसमोरही हेच सांगणार आहे, मेन मी खाली केला.

प्रभावती : आणि साहेब तुला गेटबाहेर काढतील. पुरावा घालवला म्हणून. कुणावर तरी ढकलायला त्यांना हवंच आहे. घरी परवीनचे दिवस भरत आलेत, तिचा तरी विचार कर.

जहीर : परवीनशी बोलूनच आलोय. ती म्हणाली, बोलून मोकळे व्हा, पुढचं पुढं बघू.

खंडू : थांबा दोघं. जहीर, तुझा त्यो रेघारेघांचा सदरा कुठाय?

जहीर : सदरा?

खंडू : त्या दिशी आंगात व्हता त्यो.

जहीर : टाकून दिला. परवीननं दोनदा धुतला. निघेना.

खंडू : रगात.

जहीर : हां.

खंडू : जयसिंगाचं डोकं तुझ्या मांडीवर व्हतं. मी पळत आलो तवा तू गाड्याखाली निम्मा आत शिरून बसला व्हतास, दोन्ही हात त्याच्या मानेखाली. उठलास कवा?

जहीर : उठलो की. मध्येच.

खंडू : मेन हाय खांबाला, पार दाराकडं. त्याची मान तशीच सोडून तू दारापातूर गेलास?

जहीर : मला नीट आठवत नाही वस्ताद. काय उलटतपासणी लावलीय राव!

खंडू : तुला आठवत न्हाई. मला आता आठवाया लागलंय. तू वरडलास, वस्ताद, याला बघा आधी, याला बघा. न् मी त्याच्याकडं न्हाई आलो. माझी नजर त्या पेटीवर. गाड्याच्या पेटीवर तांबडा दिवा लुकलुकत व्हता.

प्रभावती : मामा, नका ना आठवू.

खंडू : त्यो दिवा कशाचा गं?

प्रभावती : असतात तसले बरेच दिवे.

खंडू : पोरी, मी तुला इचारतोय. त्यो लुकलुकनारा दिवा कशाचा?

प्रभावती : कारभारी लिहीत असला की तो लुकलुकतो. लिहून झालं की थांबतो.

खंडू : म्हंजी लिवत व्हता.

प्रभावती : हो.

खंडू : न् मला वाटलं, आजून जित्ती हाय मशीन. परत हलंल. पोरगं आत, जहीर आत, परत आंगावर जाईल त्यांच्या. मी पळालो न् मेनचा दांडा धरून खाली वढला. सगळा जीव लावून वढला. खांदा आजून ठणकतोय बघ माझा. मला वाटत व्हतं, पोराला खांदा दिला त्यानं दुखतोय.

जहीर : वस्ताद, बरोबर केलंत तुम्ही. खुदाकसम बरोबर केलंत. कुणीही तेच केलं असतं. तुम्हीच शिकवलंय आम्हाला सगळ्यांना, आधी मेन खाली, मग माणसाला हात.

खंडू : जयसिंगालाबी तेच शिकवलं. पयल्या दिशी.

जहीर : गाडा परत हलला असता तर मी आज नसतो. मी निम्मा आत होतो, तुम्हीच म्हणालात आत्ता.

खंडू : हलला आसता का गं?

प्रभावती : प्रोग्राम कोसळल्यावर गाड्याला हुकूम जायला नको, मामा. पण जायला नको तोच हुकूम एकदा गेला असेल, तर दुसऱ्यांदाही... नाही सांगता येत.

खंडू : ते बी त्याच पानावर.

प्रभावती : त्याच पानावर.

खंडू : वा! म्हंजी जहीरला वाचवला का पोराचा साक्षीदार मारला, हेबी मला कळनार न्हाई. कायच कळनार न्हाई मला. आन् जहीर, तू रं? तुला त्याच दिशी कळलं व्हतं?

जहीर : कागद अर्धे निघाले तेव्हा मॅडमनी मला विचारलं, वीज कशानं गेली. तेव्हा कळलं. तेव्हाच आम्ही ठरवलं, तुम्हाला कळू द्यायचं नाही.

खंडू : शिव्या खाल्ल्यास माझ्या.

जहीर : तुमच्या शिव्या काय नवीन आहेत का वस्ताद?

प्रभावती : मामा, माझं ऐका. मी चौकशीत सांगते की कागदावर आहे. जयसिंगनं बटण दाबलं होतं, गाडा प्रोग्रामनं हलवला. हे आकडे माझ्याशिवाय इथं कुणालाही वाचता येत नाहीत. साहेबांनाही नाही. माझी नोकरी गेली तर गेली.

जहीर : बोला मॅडम. बोलाच. बिनधास्त बोला.

खंडू : हाय का कागदावर?

प्रभावती : नाही. पण तसंच झालं असणार.

खंडू : आसनार.

प्रभावती : मला खात्री आहे मामा.

खंडू : सायबाला पटंल. निघोज्यात पोराचं नाव निर्मळ व्हईल. तानूला जरा घास जाईल. समदं खरं. पर मी हितं उभं ऱ्हाऊन ऐकलंय ना गं, शेवटचं पान न्हाई म्हनून. सायबाला तू खोटं सांगशील. मला कोन सांगनार?

प्रभावती : चुकलं माझं. तुम्ही दारात दिसलात तेव्हाच मनाशी ठरवायला हवं होतं, तुम्हालाही तेच सांगायचं.

खंडू : व्हय. तवाच ठरवलं आसतंस तर बरं झालं आसतं.

जहीर : अजूनही काय बिघडलंय? आपण तिघंच आहोत. विसरून जाऊ.

खंडू : मशिनीची वीज काढली की ती इसरती. माणसाची कशी काढायची, सांग. न्हाई पोरी, तू खोटं बोलू नगं. उद्या दुसरा कोन वाचनारा पुण्याहून आनतील न् त्यो म्हनंल, हे तर हितं न्हाईच. मग माझ्या पोराच्या नावावर दुसऱ्यांदा चिखल. एकदा बास झाला.

प्रभावती : मग खरं आहे तेवढं तरी सांगते. कागद अर्धा आहे, म्हणजे चूक जयसिंगची होती असं कुणालाही म्हणता येणार नाही.

खंडू : येडी हायस का? ते म्हनायला त्यास्नी कागद लागत न्हाई. मला तरी कुठं लागला व्हता?

प्रभावती : असं नका बोलू हो.

खंडू : कुठं तुटलंय ते दाव मला.

प्रभावती : कशाला उगाच?

खंडू : दाव म्हनतो ना.

प्रभावती : हे इथं. सगळ्या ओळी या कडेपर्यंत जातात. ही मध्येच थांबली.

खंडू : ह्याच्या म्होरं कोरं?

प्रभावती : कोरं.

खंडू : हितं मी दांडा वढला. हितनं म्होरं माझा जयसिंग व्हता.

जहीर : वस्ताद, पाणी घ्या जरा. बसा. मॅडम, त्यांना खुर्ची द्या.

खंडू : न्हाई बसत. बसलो की उठवायचं न्हाई. त्यो शिपाई काचंतनं हात करतोय बघ, बोलावलं वाटतं.

जहीर : येतो म्हणावं. हे बघा, मेनचं मी सांगणार. ठरलंय आपलं.

खंडू : कुनाचं ठरलंय? गप बसायचं तू. मेन मी खाली केला, मीच सांगनार. मला काय करतील? काढतील. काढू द्यात. माझ्या घरात आता कमवून आनायचं कुनासाठी? तुझ्या घरात येनार हाय कोनतरी, त्याचं बघ.

जहीर : वस्ताद...

खंडू : आन् तुला मघाशी लागट बोललो. भाकरीचं काढलं ते काढायचं न्हवतं.

जहीर : काही लागलं नाही मला.

प्रभावती : घरी मामींना काय सांगाल?

खंडू : निघताना उंबऱ्यात उभी व्हती. शिकलेली मानसं काय सांगत्यात ते नीट ध्यान दिऊन ऐका म्हनली, आर्धं ऐकून येऊ नका. माझी तशी सवय हाय ना, आर्धं ऐकून उठायची. आता तिला काय सांगू? मशीन बोलत व्हती न् मीच तिला गप केली, हे सांगू? ती काय म्हननार न्हाई. पदर तोंडाला लावंल न् चुलीकडं जाईल. तेच बघवत न्हाई मला.

प्रभावती : मी येऊ का संध्याकाळी? मी बोलते मामींशी.

खंडू : ये. बोलायचं काय नको. बस नुसती तिच्यापाशी. चला, बूट कुठं ठिवले मी?

जहीर : हे काय, दारातच आहेत. वस्ताद, जाता जाता एक विचारू का?

खंडू : इचार की.

जहीर : मेनच्या वर खांबाला ती पाटी आहे ना, तुम्ही रंगवलेली. येता जाता तुमच्या डोळ्यांसमोर येणार. आज शिफ्ट सुटली की मी ती उतरवून ठेवतो.

खंडू : आदी मेन खाली, ती?

जहीर : हां. ती.

खंडू : गाडा परत कवा चालू करनार हायेत?

जहीर : उद्या सकाळच्या शिफ्टला. आजच चौकशी उरकायची म्हणतायत ते त्यासाठीच.

खंडू : त्याच्यावर कोन हाय?

जहीर : माणचा किसन म्हणून आहे एक. नवाच लागलाय.

खंडू : मग ऱ्हाऊ दे पाटी. अक्षरं फिकी पडल्यात तिची. चौकशी झाली की रंगाचा डबा काढून ठिव, मी हात मारतो.